इंधनपिकांचा करार आणि शेतकऱ्याची संमती

भारतास लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून आणावे लागते. हा भार काही अंशी तरी हलका व्हावा म्हणून शेतात पिकणाऱ्या इंधनाकडे देशाचे लक्ष गेले. २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला. ऊस, मका, तांदूळ यांपासून इथेनॉल तयार होते; तेलबियांपासून जैविक डिझेल तयार करता येते; गवत व शेण यांपासून वायू निघतो. या सर्वांचा उगम शेतात आहे. म्हणूनच कारखाना कोठे काढावा, यंत्रे कोणती आणावीत, भांडवल कोठून उभारावे, या प्रश्नांच्या आधी एक प्रश्न येतो : शेतकरी हे पीक घेण्यास राजी आहे काय? आणि असल्यास कोणत्या अटींवर?

दुर्दैवाने हा प्रश्न पुष्कळदा शेवटी विचारला गेला. आधी कळस मग पाया, असा प्रकार झाला. त्याची किंमत कारखानदारांनी मोजली, शासनाने मोजली, आणि सर्वांत अधिक शेतकऱ्याने मोजली. प्रस्तुत लेखात अशा काही प्रयत्नांचा आढावा घेऊन शेतकऱ्याची संमती कोणत्या गोष्टींवर अवलंबून असते, याचा विचार केला आहे.

करार कशासाठी?

ज्वारी, तूर किंवा भुईमूग पिकविणाऱ्या शेतकऱ्यास कराराची गरज भासत नाही. एका बाजारात दर मिळाला नाही, तर तो माल दुसऱ्या बाजारात नेतो. अगदीच पडता काळ आला तर घरी खाण्यास ठेवतो. इंधनपिकाची गोष्ट वेगळी आहे. त्याचा ग्राहक बहुधा एकच असतो, तो म्हणजे जवळचा कारखाना. माल अवजड आणि त्या मानाने स्वस्त असल्याने तो दूर नेणे परवडत नाही. कारखान्याचीही तीच अडचण असते. त्यास आसपासच्या पंचक्रोशीतूनच कच्चा माल मिळाला पाहिजे, आणि तोही नियमितपणे. दोघेही अशा प्रकारे एकमेकांस बांधले गेलेले असतात. हे बंधन न्याय्य राहावे, हा कराराचा हेतू होय.

तथापि दोघांचे बळ सारखे नसते. कारखाना बंद पडला तर भागधारकाचे भांडवल बुडते. शेतकऱ्याचे मात्र त्या वर्षाचे पोट बुडते. हा भेद लक्षात घेतल्यावाचून शेतकऱ्याच्या होकाराचा किंवा नकाराचा अर्थ लागणार नाही.

मोगली एरंडाचा धडा

मोगली एरंड हे झाड आपल्याकडे नवे नाही. मूळचे मध्य अमेरिकेतील हे झुडूप भारतात अनेक शतकांपासून रुजले आहे. गुरे त्यास तोंड लावीत नाहीत, म्हणून ते शेताच्या कुंपणास लावीत. त्याच्या विषारी बियांतून तेल निघते. नियोजन मंडळाच्या समितीने २००३ मध्ये दिलेल्या अहवालात या तेलापासून डिझेल करण्याची मोठी योजना सुचविली. पहिल्या टप्प्यात ४ लाख हेक्टर लागवड व्हावी, अशी शिफारस होती. पडीक जमिनीत, थोड्या पाण्यावर आणि विशेष निगा न राखता हे पीक येईल, असे गृहीत धरले होते. हेक्टरी अडीच हजार झाडे आणि प्रत्येक झाडास दीड किलो बी, म्हणजे हेक्टरी पावणेचार टन उत्पन्न, असा तो हिशेब होता.

कागदावरचा हिशेब शेतात उतरला नाही. झाड जगते पडीक जमिनीतही. पण जगणे वेगळे आणि फळणे वेगळे. भरघोस बी हवे असेल तर त्यास पाणी, खत आणि छाटणी लागते. फळे एकदम पिकत नाहीत, त्यामुळे वेचणीस मजूर पुनःपुन्हा लावावे लागतात. जातिवंत बियाण्याची निवड होण्यापूर्वीच लागवडीचा प्रसार झाला. तमिळनाडूत खासगी कंपन्यांनी खरेदीच्या हमीवर शेतकऱ्यांकडून लागवड करविली होती. तेथील परिस्थितीच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की उत्पन्न अंदाजापेक्षा फारच कमी आले, झाडांस पाणी द्यावे लागले, आणि काही ठिकाणी पडीक जमिनीऐवजी भुईमुगासारख्या पिकांची जागा या झाडाने घेतली. ज्या शेतकऱ्यांस अन्य उत्पन्नाचा आधार होता ते तग धरून राहिले. लहान शेतकऱ्यांस थांबणे शक्य नव्हते. पुष्कळांनी झाडे उपटून टाकली. कुंपणाने शेत खाल्ले, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली.

दराचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा होता. २००५ मध्ये जाहीर झालेल्या खरेदी धोरणानुसार जैविक डिझेलचा दर लिटरला २५ रुपये ठरला आणि तो १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. एक लिटर तेलास सुमारे चार किलो बी लागते असे धरले, तर गाळणीचा व प्रक्रियेचा सर्व खर्च शून्य मानूनही किलोमागे सव्वासहा रुपयांहून अधिक शेतकऱ्यास देणे शक्य नव्हते. वेचणीची मजुरी, वाहतूक आणि कारखान्याचा खर्च वजा जाता काय उरणार होते, हे शेतकऱ्यास कोणी सांगावे लागले नाही.

याउलट कर्नाटकातील हसन जिल्ह्यात निराळा मार्ग धरण्यात आला. तेथे कृषि विद्यापीठाच्या मदतीने करंज, कडुनिंब, मोह अशी झाडे शेताच्या मध्यभागी न लावता बांधावर, कडेला आणि मोकळ्या जागेत लावण्यास उत्तेजन दिले गेले, आणि बी गोळा करण्यासाठी गावोगावी संघ उभारण्यात आले. यात उत्पन्न थोडे असले तरी शेतकऱ्याचे नेहमीचे पीक सुटत नाही. जे गमावण्याची भीती नाही, त्यास होकार देणे सोपे असते, हा यातील बोध होय.

गोड ज्वारीचा धडा

गोड ज्वारी हे झाड नसून हंगामी पीक आहे. सुमारे चार महिन्यांत ते तयार होते. कणसात धान्य आणि ताटात साखरेचा रस, असा त्याचा दुहेरी लाभ आहे. उसापेक्षा त्यास पाणी पुष्कळच कमी लागते. महाराष्ट्रात फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेने १९७० च्या दशकापासून या पिकावर काम केले. हैदराबादजवळ पटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेनेही त्याचे सुधारित वाण तयार केले. २००७ मध्ये तत्कालीन मेदक जिल्ह्यात संगारेड्डीजवळ एका खासगी आसवनीने गोड ज्वारीपासून इथेनॉल करण्यास प्रारंभ केला. नांदेड परिसरातही असा प्रयत्न झाला.

शेतकऱ्याच्या दृष्टीने येथे मोगली एरंडाइतका धोका नव्हता. वर्षानुवर्षे थांबावयाचे नव्हते. पीक ओळखीचे होते. एखादा हंगाम फसला तर पुढच्या हंगामी दुसरे पीक घेता येत होते. म्हणूनच शेतकरी प्रयोगास पुढे आले. तरीही हे प्रयत्न टिकले नाहीत. त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण म्हणजे वेळ. कापलेल्या ताटांतील साखर लवकर उतरू लागते; ताटे शक्य तो एका दिवसाच्या आत गाळावी लागतात. गाडी न मिळाल्याने किंवा कारखान्याच्या दारात रांग लागल्याने एकदोन दिवस गेले, की वजनही घटते आणि उताराही. हे नुकसान कोणी सोसावयाचे, हा वादाचा विषय झाला. यावर उपाय म्हणून मेदक जिल्ह्यातील इब्राहिमबाद येथे २००८ मध्ये गावातच रस काढून त्याचा पाक करण्याचे केंद्र उभारण्यात आले. पाक टिकतो आणि तो दूर नेता येतो. कल्पना योग्य होती. पण पाक आटविण्याचा खर्च त्यात वाढला.

दुसरे कारण हंगामाचे. खरिपाचे पीक सर्वांचे एकाच वेळी तयार होते. काही आठवडे कारखान्यास माल झेपत नाही, आणि उरलेले वर्ष यंत्रे रिकामी राहतात.

तिसरे कारण दराचे. त्या काळी तेल कंपन्या इथेनॉल लिटरला २१ रुपये ५० पैसे दराने घेत; २०१० मध्ये तो दर २७ रुपये झाला. एक टन ताटांपासून सुमारे ४० लिटर इथेनॉल मिळते असे धरल्यास पहिल्या दराने टनामागे सारे उत्पन्न ८६० रुपये होते. शेतकऱ्याची किंमत, तोडणी, वाहतूक, गाळप, इंधन, व्याज हे सर्व त्यातच बसवावयाचे. वरून दर बांधलेला असला की खाली कराराचा दर आपोआप आवळला जातो.

चौथे कारण कडब्याचे. सोलापूर, विजापूर, मराठवाडा या भागांत कडब्याचे मोल धान्याहून फारसे कमी मानीत नाहीत. ताटे कारखान्यास गेली तर गुरांनी काय खावे? गाळून उरलेले चिपाड वैरण म्हणून परत मिळण्याची अट ज्या करारात नाही, तो करार गुरे असलेल्या घरास परवडत नाही.

ऊस उत्पादक राजी का?

बेळगाव, कोल्हापूर, सांगली या पट्ट्यात शेतकरी ऊस लावण्यास सहज राजी होतो. इथेनॉलचा कच्चा माल म्हणून आज उसाचे महत्त्व मोठे आहे. ऊस पाणी अधिक पितो, वर्षभर जमीन अडवितो, तोडणीच्या टोळीसाठी वाट पाहावी लागते; तरीही शेतकरी राजी असतो. त्याचे कारण त्यास लाभलेल्या आधारात आहे. केंद्र शासन दरवर्षी उसाची रास्त व किफायतशीर किंमत जाहीर करते. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज देय होते. एका कारखान्याशी पटले नाही तर अनेक ठिकाणी जवळच दुसरा असतो. शिवाय खोडव्याचा लाभ मिळतो.

अर्थात नियम असला तरी तो आपोआप पाळला जातो असे नाही. थकबाकी, वजनकाट्याविषयी शंका आणि दराविषयी असंतोष हे प्रश्न याही पिकात आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यात उसाच्या दरासाठी मोठे आंदोलन झाले, हे वाचकांस ज्ञात आहे. परंतु तक्रार कोणाकडे करावी, कोणत्या नियमाच्या आधारे करावी, हे ऊस उत्पादकास ठाऊक असते. मोगली एरंड लावणाऱ्यास यांपैकी काहीच ठाऊक नव्हते.

येथेही धोरणातील बदलाचा धोका आहेच. साखरेचा तुटवडा होऊ नये म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले. ऑगस्ट २०२४ मध्ये ते पुढील हंगामासाठी उठविण्यात आले. मधल्या काळात मक्याची मागणी वाढली व शेतकरी मक्याकडे वळले. पुढे २०२५ च्या खरिपात मक्याची हमी किंमत क्विंटलला २,४०० रुपये असताना कर्नाटकातील बाजारांत त्याहून पुष्कळ कमी दर मिळाल्याच्या तक्रारी झाल्या. इंधनासाठी मागणी आहे, एवढ्यावरून शेतकऱ्यास दर मिळेलच असे होत नाही. त्यामध्ये करार, खरेदी आणि वेळेवर पैसे या तीन कड्या असाव्या लागतात.

परदेशांतील अनुभव

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१०-११ च्या हिवाळ्यात शेतकऱ्यांपुढे निरनिराळ्या अटींचे नमुनेदाखल करार ठेवले, आणि यांपैकी कोणता पत्कराल किंवा कोणताच नको, असे विचारले. कापणीनंतर शेतात उरणारा मक्याचा पाला विकण्यास व ज्वारीसारखे हंगामी पीक घेण्यास शेतकरी तुलनेने अधिक अनुकूल होते. वर्षानुवर्षे जमीन अडविणारे गवत लावण्यास ते कमी राजी होते. निव्वळ नफा वाढला की संमती वाढे. कराराची मुदत लांबली की ती घटे. पिकाचा विमा आणि लागवडीच्या खर्चात वाटा मिळाल्यास विचार पालटे. शेकडो एकर जमीन कसणारा, यंत्रांनी सुसज्ज असा तो शेतकरीही मुदतीस भितो, ही गोष्ट मननीय आहे.

ही भीती निराधार नव्हती. त्याच राज्यातील ह्यूगोटन येथे शेतातील पाल्यापासून इथेनॉल करणारा भव्य कारखाना ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झाला आणि २०१५ च्या अखेरीस बंद पडला. इंग्लंडमध्ये यॉर्कशायर परगण्यात वीजनिर्मितीसाठी विलो जातीची झाडे करारावर लावून घेण्यात आली होती. ते वीजकेंद्र चालविणारी कंपनी २००२ मध्ये दिवाळ्यात निघाली. पाल्याचा करार मोडला तर पाला शेतातच राहतो व जमिनीस खत होतो. झाडांचा करार मोडला तर झाडे शेतात उभी राहतात आणि ग्राहक नाहीसा होतो.

हिशेबाचा एक नमुना

एक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिले आहेत. एका शेतकऱ्यास एकरी नेहमीच्या पिकातून वर्षास २०,००० रुपये निव्वळ मिळतात. नव्या पिकाचा करार सात वर्षांचा आहे. पहिल्या वर्षी लागवडीस १५,००० रुपये खर्च येतो. पहिली दोन वर्षे उत्पन्न नाही. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी ३०,००० रुपये निव्वळ मिळतील, असे प्रतिनिधी सांगतो. वीस हजारांऐवजी तीस हजार, हे ऐकून करार लाभाचा वाटतो.

आता बेरीज करू. जुन्या पिकाचे सात वर्षांचे उत्पन्न १,४०,००० रुपये. नव्या पिकाचे पाच वर्षांचे १,५०,००० रुपये. त्यातून लागवड खर्च वजा जाता १,३५,००० रुपये. म्हणजे ५,००० रुपयांचा तोटाच. पहिल्या दोन वर्षांत घर चालविण्यास काढलेल्या कर्जाचे व्याज यात धरलेले नाही. आणि कारखाना चौथ्या वर्षाच्या अखेरीस बंद पडला तर? जुन्या पिकाने ८०,००० रुपये दिले असते. नव्याने ६०,००० मधून १५,००० वजा जाता ४५,००० रुपये दिले. शिवाय झाडे खणून काढण्याचा खर्च निराळा. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये, हे वाडवडिलांचे सांगणे अडाणीपणाचे नव्हते. त्यामागे असाच हिशेब होता.

सही करण्यापूर्वी पाहावयाच्या गोष्टी

१. तुलना : नव्या पिकाचे उत्पन्न सध्याच्या पिकाच्या निव्वळ उत्पन्नाशी ताडून पाहावे. घरी खाल्लेले धान्य व वैरण यांचीही किंमत धरावी.

२. मुदत : करार किती वर्षांचा आहे, आणि मध्येच बाहेर पडता येते काय?

३. लागवडीचा खर्च : रोपे, बियाणे व पहिल्या वर्षांचा खर्च कोण करणार? ती मदत आहे की पुढे कापून घ्यावयाची उचल आहे? शेतकऱ्याकडूनच आगाऊ अनामत मागितली जात असेल, तर विशेष सावध राहावे.

४. दर : तो ठरलेला आहे की बाजाराप्रमाणे बदलणारा? बाजारभाव वाढल्यास शेतकऱ्यास वाढ मिळेल काय, आणि पडल्यास किमान दराची हमी आहे काय?

५. तोडणी आणि वाहतूक : मजूर व गाडी कोणाची? माल वेळेवर न उचलल्याने होणारी घट कोणाच्या माथी?

६. वजन व प्रत : काटा कोठे, तपासणी कोणासमोर?

७. पैसे : किती दिवसांत, आणि विलंब झाल्यास व्याज किती?

८. संकट : दुष्काळ, कीड किंवा कारखाना बंद पडणे यांविषयी करारात काय लिहिले आहे? विमा आहे काय?

९. जमीन : केंद्र शासनाने मे २०१८ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या करारशेतीच्या नमुना कायद्यात, शेतकऱ्याच्या जमिनीवरील हक्क कराराने हस्तांतरित होऊ नये व तेथे कायमचे बांधकाम होऊ नये, असे तत्त्व आहे. संसदेने २०२० मध्ये केलेला करारशेतीचा कायदा २०२१ मध्ये रद्द झाला. त्यामुळे प्रत्येक राज्याची तरतूद निराळी आहे. आपल्या राज्यात कराराची नोंद कोठे होते आणि तंटा कोणापुढे नेता येतो, हे कृषि कार्यालयात किंवा बाजार समितीत विचारून घ्यावे. जमीन वाट्याने वा खंडाने कसणाऱ्याने मालकाची लेखी संमती घ्यावी.

१०. भाषा : करार शेतकऱ्यास समजणाऱ्या भाषेत असावा. सीमाभागात, इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद परिसरात मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्यास राज्याच्या राजभाषेतील अथवा इंग्रजीतील मजकूर वाचून दाखवून त्याचा अर्थ सांगितल्यावाचून त्याने सही करू नये. सहीची एक प्रत त्याच्या घरी असलीच पाहिजे.

अधिकारी व शिक्षक यांचे कार्य

नव्या पिकास शेतकरी नकार देतो तेव्हा तो प्रगतीस विमुख आहे, असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. वर दिलेले अनुभव पाहता नकारामागे बहुधा ठोस कारण असते. अधिकाऱ्यांनी ते कारण नोंदवून वर कळविले, तर योजनेची दुरुस्ती वेळीच होऊ शकते. लक्ष्यपूर्तीच्या भरात केलेली शंभर एकर लागवड पुढे उपटली जाण्यापेक्षा, पाच शेतकऱ्यांच्या बांधावर किंवा अर्ध्या एकरावर दोन हंगाम घेतलेली चाचणी अधिक मोलाची आहे. चाचणीतील उत्पन्न, चांगले असो वा वाईट, गावात फलकावर लावले जावे.

शिक्षकांस येथे विशेष संधी आहे. वरील सात वर्षांच्या हिशेबात आपल्या गावच्या पिकाचे खरे आकडे घालून तो वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून सोडवून घ्यावा. आकडे विचारण्यास मुले घरी जातील, वडीलधाऱ्यांपाशी बसतील, आणि कराराचा कागद घरोघरी वाचला जाईल.

देशास इंधन हवे आहे आणि ते पिकविण्याचे सामर्थ्य शेतात आहे, यात शंका नाही. परंतु शेतकऱ्याने जोखीम पत्करावी अशी अपेक्षा असेल, तर त्या जोखमीचा वाटा कारखान्याने व शासनानेही उचलला पाहिजे. तो वाटा करारात शब्दांनी आणि आकड्यांनी लिहिलेला असला, म्हणजे शेतकऱ्याच्या संमतीसाठी वेगळा प्रचार करण्याचे कारण उरणार नाही.